एक्केचाळीस

कि म्हणजे डिझेल. हा म्हणजे तिसरा वर्ग,
त्यांच्या जुन्या मुळाक्षरांतलं तिसरं अक्षर.
तिसरा वर्ग केव्हाच मोडीत निघाला, अक्षर राहिलं,
बुडालेल्या पेढीची पाटी राहते तसं.

पुढे आकडे.
चाळीसला दोन तोंडं. एकटा कुठेही जाऊन येईल.
सत्तेचाळीसला एकच; पाठ सपाट, दारं रुंद.
अठ्ठेचाळीसलाही एकच, पण दारं चिंचोळी.
एकतोंड्या डब्याला पाठीला पाठ लावून कुणीतरी लागतं,
नाहीतर जाईल तो जाईल,
परतायचं म्हटलं की आंधळा.

इकुनोची चांदीची खाण बंद पडली,
पोरं हिमेजीला, ओसाकाला गेली.
घाट चढायला माणसं उरली अकरा
आणि डबे दोन.
मग योनागोच्या कारखान्यात पाच सत्तेचाळीस आले,
पाठीवर खडूने रेघ मारलेले.
इथे कापा. इथे दुसरं तोंड बसवा.

कापणाऱ्यांत कादोवाकी इवाओ होता.
पन्नाशीचा. त्याच वर्षी त्याची बायको
घर सोडून बहिणीकडे गेली, परत न येण्यासाठी,
हे त्याने कारखान्यात कुणाला सांगितलं नाही.
डबा मात्र रोज दोनच कप्प्यांचा यायला लागला:
भात, आणि पुन्हा भात.

जुन्या तोंडाला गोलाई होती, कोपऱ्यावर वळणारी काच.
नव्याला तो थाट परवडणारा नव्हता.
सरळ पत्रा, दोन खिडक्या, मधे दार,
समोरून पाहिलं तर कपाट.
पाचही डब्यांना नवा आकडा दिला: एक्केचाळीस.
किहा एक्केचाळीस.
माझ्या कानाला ते मराठीच ऐकू येतं:
की हा?
दोन्ही तोंडांसमोर उभं राहून
कुणी विचारावं तसं.

आता तो डबा चिहाया चालवते. इवाओची मुलगी.
तेरामाएहून निघायचं, हासे, इकुनो, नीइ,
पांढरा हातमोजा लांब करून
प्रत्येक सिग्नलला नावानिशी हाक मारायची.
चढावर इंजिन कण्हतं, वेग मात्र वाढत नाही,
मागे शाळेची पोरं झोपलेली.
वादायामाला पोचली की
ब्रेकचा दांडा काढून घ्यायचा, टोपी सारखी करायची,
आणि रिकाम्या बाकांमधून चालत
या तोंडाकडून त्या तोंडाकडे.
एकवीस मीटर. रोज सहा वेळा.

फोनवर बाप एकच विचारतो:
«गळतं का?»
«नाही.»

गळतं.
सपाट तोंडाचा डावा कोपरा, वरून तिसऱ्या रिव्हेटपाशी.
तिथे ती एक रुमाल घडी करून खोचते,
घाट उतरल्यावर पिळते, पुन्हा खोचते.
सात वर्षांत रुमाल चौदा झाले.

ऑक्टोबरात तो स्वतःच आला, न कळवता.
इतरांसारखा यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली,
मागच्या बाकावर बसला, मांडीवर टोपी.
वादायामाला ती दांडा घेऊन आली तेव्हा
तो त्या कोपऱ्यात उभा होता.
रुमाल काढला नव्हता.
फक्त बोट लावलं होतं.
ती थांबली. तो बाजूला झाला,
भाड्याच्या पेटीत सुटे पैसे टाकले,
नेमके मोजलेले,
आणि म्हणाला, «वायपर बरा चालतो.»

आठवड्याने पोस्टाने पुडकं आलं.
सिलिकॉनची नळी, पत्रा खरवडायची पट्टी,
आणि कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने:
आधी कोरडं पुस. मगच लाव.
ऊन असताना.

तिकडे म्हण आहे, डबा विसरलास तरी चालेल,
छत्री विसरू नकोस.
बारा दिवस झाले. नळी तिच्या पिशवीत आहे,
ब्रेकच्या दांड्याशेजारी, झाकण न उघडलेली.
आजही आओकुरावर ढग आहेत.
रुमाल ओला आहे.
ती सिग्नलला हाक मारते,
आणि डबा, नवं तोंड पुढे करून,
निघतो.