चार थाऊ

मी हे लिहिलं ते क्लेमंटला सांगू नका.
त्याच्या लेखी काम अजून संपलेलं नाही,
डाव्या हॉर्नला तेव्हाचा एक स्क्रू मिळायचाय.

लडलोच्या आमच्या गॅरेजात तीन हिवाळे
अठ्ठेचाळीसची एमजी पोट उघडून पडली होती.
रॉकेलची शेगडी, उंदरांनी कुरतडलेली सीट,
आणि माझ्या मफिनच्या साच्यात
बारा खळग्यांत बारा जातींचे नट.
"मफिनचं काय?" म्हटलं.
"इंजिन बसू दे," म्हणाला.

एकदा मुद्दाम हाक मारून त्यानं बोल्ट दाखवला.
"डोकं बघ, अस्सल इंग्रजी, इंग्रजी पान्यालाच वळतं.
आटे मात्र फ्रेंच. मिलिमीटरचे!
कारखाना मुळात त्यांचा,
यंत्रं बदलायला पैसे कोण घालणार?"
आणि हसला,
एखाद्या लॉर्डाच्या घराण्यातलं लफडं हाती लागावं तसा.

मूळचं, मूळचं. झोपेतही हाच शब्द.
प्लगच्या वायरींवरचं कापड मूळचं हवं,
कार्ब्युरेटरच्या पितळी टोप्या मूळच्या.
पेट्रोल पंपाच्या एका चकतीवरून
व्हिटबीच्या थॉर्नबरशी फोनवर पाऊण तास भांडला.
पुढच्या मंगळवारी तीच चकती टपालानं आली,
सोबत चिठ्ठी: तुझंच बरोबर होतं.
ती फ्रिजवर लावली, नातीच्या चित्रावर.

तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग उघडलं
त्या दिवशी तो जेवायला आला नाही.
मी सूप घेऊन गेले तर
दिव्याखाली पत्र्याचा एक तुकडा धरून बसलेला.
तंबाखूच्या डबीचा.
झीज भरून काढायला कुणीतरी बेअरिंगच्या पाठीशी सरकवलेला;
तिथं अर्धं जहाज उमटलं होतं, उलटं.
"ठिगळ," म्हणाला, शिवी द्यावी तसं.
मग मायक्रोमीटर लावला.
चार थाऊ.
दुसऱ्या टोकाला, चार. मधे, चार.
"काचेवर घासलाय हा," तो हळूच म्हणाला,
"रात्रभर घासला असणार."
सूप तसंच राहिलं.

लॉगबुकात शिक्के आहेत. पंचावन्न साली
मिस एनिड बेडो, नर्स, मुक्काम क्लन.
म्हणजे बर्फातून, चढावरून, अपरात्री
कुणाच्या तरी कळा सुरू झाल्या म्हणून
ही गाडी त्या चार थाऊंवर धावली.
नाही, क्लेमंट त्या पोरांतला नव्हे.
तो हलमधल्या इस्पितळात जन्मला, तेही दिवसाढवळ्या.
सगळ्याच गोष्टी अशा जुळत नाहीत.

त्यानं बेअरिंग बदललंच.
ऑस्वेस्ट्रीच्या बंद पडलेल्या गॅरेजातून
मेणकागदात गुंडाळलेली जोडी आली,
कागदावर तेव्हाच्या कारकुनाचं अक्षर.
मला थोडं वाईट वाटलं. त्याला नाही.
"शाफ्टला काय करायचीय तुझी हळहळ," म्हणाला,
आणि तेही खरंच.

एप्रिलच्या एका सकाळी त्यानं किल्ली फिरवली.
पंप टकटकू लागला, अधाशासारखा, भराभर,
मग सावकाश,
मग पोट भरल्यावर तान्हं गप्प व्हावं तसा थांबला.
क्लेमंटनं माझ्याकडे पाहिलं.
स्टार्टरची दोरी ओढायला त्याचा हात होईना.
मीच ओढली.

आता जूनमध्ये परीक्षक येतील,
आरसे घेऊन खाली वाकतील,
क्लिपा मोजतील, रंगाची छटा ताडून बघतील.
बघू देत.
स्वयंपाकघरातलं टेबल नऊ वर्षं डुगडुगत होतं.
ते आता डुगडुगत नाही.
त्याच्या पायाखाली काय आहे
हे क्लेमंटनं मला सांगितलेलं नाही,
आणि केर काढताना मी ते पाहिलंय
हे मी त्याला.