तुडुम

रात्रीचे दोन वाजून अकरा मिनिटं.
उशीखाली फोन थरथरतो.
मी गच्चीवर जाते, रेंज फक्त टाकीपाशी,
आणि मांडीवर लॅपटॉप उघडते.
मुंबईत कुठेतरी सदतीस यंत्रं आहेत,
ज्यांना मी कधी हात लावलेला नाही.
त्यातलं एक धापा टाकतंय.
डिस्क भरली, लॉग साचले.
जुने लॉग पुसते, आलेख खाली येतो
झाकण काढल्यावर भाताचं आधण बसतं तसा.

(गावात मी क्लाउड म्हणत नाही.
ढग म्हटलं की लोक वर बघतात.)

झोप तर गेलीच, म्हणून बिल उघडते.
बिल येतं डॉलरात, साहेबांचा संताप रुपयांत.
ऑक्टोबरची अठरा तारीख
आणि महिन्याचे ब्याऐंशी टक्के आत्ताच संपलेले.
ओळ ओळ खाली उतरते, तिथे सापडतं ते:
आठ कोअर, बत्तीस जीबी,
फेब्रुवारीपासून अखंड चालू,
काम एक टक्का. कधी दोन.
टॅग नाही. मालक नाही.
कुणीतरी चाचणीपुरतं लावलं असेल
आणि नोकरी सोडताना
खोलीतला दिवा तसाच ठेवून गेलं असेल.

तलावाच्या पाळीवर बॅटरी हलते.
मन्साराम कापगते, गावाचा पाणकर.
हलका धान कापून झालाय,
भारी धानाला अजून एक पाणी हवं,
आणि तलावात उरलंय तीन हात.
म्हणून तो रात्रीचा फिरतो,
थांबतो, वाकतो,
खेकड्याच्या बिळात टाच रुतवून चिखल दाबतो.
"दिसत नाई पोरी, आयकू येते.
पानी चोरून चाल्लं का बारीक आवाज येते."
माझ्याकडे अकरा डॅशबोर्ड आहेत.
असा कान एकालाही नाही.

सकाळी तो चहाला आला तेव्हा विचारलं,
पाटातून पाणी जातंय
पण कोणाच्या बांधीत ते कळत नाही,
तर काय करता?

"तुडुम बंद करतो.
पाट बुजवत नाई, फोडत नाई काही. निस्ता बंद.
मंग पाळीवर बसून बिडी ओढतो.
ज्याचं असन तो बोंबलत येते."

मी ते यंत्र बंद केलं.
पुसलं नाही. बंद.
ग्रुपवर लिहिलं: हे कोणाचं? शुक्रवारपर्यंत वाट बघते.
एकाने अंगठा पाठवला.
मंगळवारी कोणी नाही, बुधवारी कोणी नाही.
गुरुवारी वीज गेली, इन्व्हर्टरने दीड तास ओढलं,
अंधारात मी रिकाम्या इनबॉक्सकडे बघत राहिले
आणि मला वाटायला लागलं, आलंच कुणी तर बरं,
आठ महिने चाललेल्या गोष्टीला
विचारणारं एक तरी माणूस असावं.

शुक्रवारी चार वाजता मेल आला.
लेखा विभागातली कुणी शर्मिष्ठा:
एक अहवाल उघडत नाहीये,
तो माझा आहे का मला माहीत नाही,
पण तो मीच बघते.

किती वेळा?
तीन महिन्यांतून एकदा. वीस मिनिटं.

वीस मिनिटांसाठी अख्खं तुडुम
रात्रंदिवस उघडं होतं.
तिचा अहवाल मी एका लहान यंत्रावर नेला.
ते तिमाहीला उठेल, काम करेल, निजेल.
महिन्याला दोनशे ऐंशी डॉलर वाचले.
शनिवारी साहेबांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं.

संध्याकाळी पाळीवर जाऊन सांगितलं.
मन्सारामजींनी बोटांवर हिशोब धरला,
मध्येच सोडून दिला.
"बरं झालं," म्हणाले.
"मंग ते वाचलेलं पानी
कोनाच्या बांधीत गेलं?"

मी सलंगेकडे बघत राहिले.
तिथे दगड कोरडे होते,
एक शेळी त्यावर उभी.
खिशात फोन थरथरला.
ते हसले, बिडी विझवली.
"जाय. आला कोनीतरी बोंबलत."