ठिपका क्रमांक सत्तेचाळीस

शिरोड्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान,
म्हणून नकाशा माझ्या गळ्यात पडला.
उल्हासबाबचा नातू बंगळूरहून आला,
दोन रविवार बसला चहात पाव बुडवत
आणि खाजनाचा अख्खा बांध
माझ्या मोबाइलमध्ये भरून देऊन गेला.
जुवारीच्या कडेनं एक निळी रेघ.
‘भोक दिसलं की फोटो काढायचा.
ठिपका आपोआप पडतो.
लाल म्हणजे गळतंय, हिरवा म्हणजे बुजवलं.’

ठिपके आले.
कुर्ल्यांनी पोखरलेले, बार्जच्या लाटांनी खचवलेले.
एकात नुसतं म्हशीचं ढुंगण, आणि पाठोपाठ माफी.
पिदादनं शेजाऱ्याच्या कोळंबीच्या तळ्यावर
एका दुपारी अकरा टाकले:
नऊ भांडणाचे, दोन खरे.
खरंखोटं निवडायला मी शिकले,
जसं काच उघडायच्या आधीच मला कळतं
आधारकार्डावरचा चेहरा काळा येणार की माणसासारखा.

रंगीत प्रिंट काढून कार्यालयात नेली.
साहेब म्हणाले, ‘छान. रंगीत आहे.’
आणि टोचणीनं फाइलला लावली,
नेमकी जिथं बांध फुटला होता तिथं टोचून.

मानस म्हणजे आमच्याकडं खाडीचं दार.
भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं.
मनाला जमत नाही ते लाकडाला जमतं.
त्या दाराचा राखणदार सांतान. फोन नाही.
नकाशा बघायला एकदा दुकानात आला,
बोट ठेवल्याबरोबर गाव एवढं मोठं झालं
की दचकून मागं सरकला.
मग जवळ येऊन म्हणाला,
‘हा इथं नाही. दहा पावलं वर.
तिथलं पाणी चाखून बघ,
गोड लागलं तर माझं नाव बदल.’
मी चाखलं नाही. ठिपका दहा पावलं वर सरकवला.

अवसेची रात्र. उधाण.
पावणेबाराला फोन थरथरला
आणि थरथरतच राहिला.
एकाच भोकाचे बावन्न फोटो.
फ्लॅशचे, बिनफ्लॅशचे, एक तर ड्रोनवरून.
वीसजणांनी लिहिलं: कुणीतरी जा.
कुणीतरीला मी ओळखत नाही.
शिरोड्यात त्या नावाचं घर नाही.
मी ‘पडताळलं’ दाबलं
आणि अंथरुणात बसून राहिले, बराच वेळ,
अंगठा तसाच काचेवर.

मग दुकानाची ताडपत्री स्कूटरला बांधली.

बांधावर गर्दी होती, सगळे फोन वर धरलेले,
आणि कमरेएवढ्या पाण्यात
भोकाला पाठ लावून उभा सांतान.
त्याला कुणी कळवलं नव्हतं.
पाण्याचा आवाज बदलला म्हणून उठला, म्हणे.
डोळ्यांवर इतका उजेड
की त्याला आमच्यातलं कुणीच दिसेना.
ओरडला,
‘दिवे धरा रे, धरा!
पण एका हातानं!’

तेव्हा कुठं आम्हाला दुसरा हात आठवला.

पिदादनं पेंढा दिला, शेजाऱ्यानं बांबू,
एकमेकांकडं न बघता.
शाळेची पोरं चिखलाचे गोळे पुढं सारत होती,
गोळा माझ्या हातात यायचा तेव्हा
आधीच्या पाचजणांची बोटं त्यावर उमटलेली.
पहाटे पाणी उतरलं.
आत कोरगुटाची रोपं खाऱ्यात बुडून
पुन्हा वर आली होती, सगळी नाही.

अकरा वाजता मेसेज आला:
आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.

सत्तेचाळीस अजून लाल आहे.
हिरवा करायला बुजवल्याचा फोटो लागतो,
तो कुणाकडंच नाही,
सगळ्यांचे हात भरलेले होते.
मी आज जाऊन काढणार होते.
सांतान म्हणतो, घाई नको,
तीन भरत्या जाऊ देत.

दुकानात गिऱ्हाईक कुरकुरतंय:
उत्पन्नाच्या दाखल्यावर डाव्या कोपऱ्यात
कसला हा डाग, बाई?
काच तीनदा पुसली.