अज्ञात इसम

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, तिसऱ्या बाकापाशी,
एप्रिलातल्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
शैलजा खैरनारचं मंगळसूत्र गेलं.
मोटारसायकल पाथर्डी फाट्याकडे वळली
एवढं तिनं पाहिलं. मग चष्मा पडला.

हवालदार चांगला होता. पाणी दिलं,
पंखा तिच्याकडे वळवला, मग विचारलं,
रोज याच वेळी येता?
एकट्याच?
ओढणी कशी घेतली होती?
पेपर वाचत नाही का ताई तुम्ही?

चोरासाठी एकच ओळ लागली:
अज्ञात इसम, अंदाजे पंचवीस, तोंडाला रुमाल.
तिच्यासाठी दीड पान.
नवऱ्याचं नाव, नवरा त्या वेळी कुठे,
बरोबर का नव्हता.

दुपारी सोसायटीत कोथिंबीर निवडताना
'एवढं मिरवायचं कशाला म्हणते मी'
असं म्हणाल्या त्या निकुंभबाई.
त्यांनीच संक्रांतीला, सूत्र गाठवायला दिलं होतं तेव्हा,
तिचा मोकळा गळा बघून
वाणाचा हात क्षणभर मागे घेतला होता.

दीर सटाण्याहून आला, लॉकरवर बोलून गेला.
सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.
फक्त मुलाकडे एकदा नीट बघून घेतलं,
धडधाकट आहे ना, एवढंच.

गळ्यावर वळ होता.
लाल, मग जांभळा, मग हळदीखाली कसलातरी.
तो कुणी विचारला नाही.
तोळे विचारले, पावती विचारली.

मीही गेले, डब्यात खिचडी घेऊन.
काही विचारायचं नाही, असं जिन्यात ठरवलं होतं.
चप्पल काढता काढता तोंडातून गेलं,
'उजेड तरी होता का गं?'
होता, म्हणाली.
आणि ओशाळून हसली,
जणू उजेडाचीही पावती
जपून ठेवायला हवी होती.

ट्रॅकच्या फाटकाला आता पाटी आहे:
महिलांनी दागिने घालून फिरू नये.
आदेशावरून.
खाली नाव नाही कुणाचं.

ती गॅलरीत चालते हल्ली.
अकरा पावलं, कुंडी, वळण, अकरा पावलं.
काल पहाटे मी निघाले, तिनं वरून हात केला.
मला लगेच करता आला नाही.
मी दोन्ही हातांनी
ओढणी गळ्याभोवती
घट्ट करत होते.