छाट

पहाटे साडेतीनला मुळेगावातून निघते मी.
टेम्पोत चौघींचा माल एकावर एक,
माझी अंबाडी खाली दबू नये म्हणून
मांडीवर घेऊन बसते, लेकरू घ्यावं तशी.

विडी घरकुलात ही भाजी तीन नावांनी विकते.
मी म्हणते अंबाडी.
शेजारची गुंडव्वा ओरडते, पुंडीपल्ल्या!
गिऱ्हाईक मागतं गोंगुरा.
आंबटपणा तिन्हींचा एकच,
आणि सुट्टे पैसे कुणाकडेच नसतात.

भूदेवी येमूल यायची रात्री आठनंतर,
हजार विड्या कारखान्यात मोजून देऊन.
बोटांना तंबाखूचा वास, पदराला तेंदूचा चुरा.
तेव्हा माझ्या गोणपाटावर उरलेलं काय,
तर मान टाकलेली मेथी, पिवळा पडलेला शेपू
आणि दहाला तीन, दहाला तीन करून बसलेला माझा घसा.
ती भाव करायची नाही.
पिशवी उघडी धरायची, मी ओतायची.
घरी जाऊन तासभर निवडायची म्हणे,
निम्मी जुडी केरात.

निवडणं हा शब्द आपण दोन कामांना लावतो.
तिच्या वाट्याला एकच आलं होतं.

मग महापालिकेचं कूपन निघालं.
फिकट हिरवा कागद, शिक्क्याची शाई पसरलेली.
वीस रुपये बाईने घालायचे, वीस महापालिकेने,
अट एवढीच, भाजी इथल्या शिवारातली हवी.
रिक्षावर भोंगा लावून सांगितलं, मराठीत, मग तेलुगूत,
तरी पहिले दोन आठवडे कुणी फिरकलं नाही.
कागदावर भाजी मिळते
यावर विश्वास कुणाचा बसणार?
माझाही नव्हता.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी सातला, भूदेवी.
उन्हात तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.
नाकाच्या दोन्ही बाजूंना चमक्या होत्या.
इतकी वर्षं मला एकच माहीत.

ती उकिडवी बसली.
एक पान उचललं, उजेडाकडे धरलं,
शिरेवरून अंगठा फिरवला,
भोक दिसलं, ठेवलं बाजूला.
दुसरं.
तिसरं.
मला राग आला, खरं सांगते.
अगं, सोनं घेतेस का भाजी?

ती म्हणाली, पान बघण्यात माझी तीस वर्षं गेली.
आणि तिकडे चेकर माझ्या विड्या बघतो.
मूठभर उपसतो, चाचपतो,
छाट म्हणतो, छाट,
शंभर विड्या तिथंच जातात,
आणि त्यांच्यासाठी मोडलेली पाठ कुणी मोजत नाही.
एवढं बोलून तिने
माझीच एक जुडी माझ्यापुढे सारली.
"अम्मा, हे छाट."

गुंडव्वा हसली. मग मी.
मग भूदेवी, पण तोंडावर पदर धरून,
कूपनात हसणं बसतं की नाही
हे ठाऊक नसल्यासारखी.

सगळं सरळ झालंय असं नाही.
मागच्या महिन्याची माझी एकशे बेचाळीस कूपनं
झोन ऑफिसात पडून आहेत.
साहेब म्हणतात, बिल वर गेलंय.
वर म्हणजे कितव्या मजल्यावर, सांगा की, चढते मी.
एका कूपनाला हळदीचं बोट लागलेलं,
ते त्यांनी चिमटीत धरून बाजूला काढलं.
छाट तिथेही आहे.
त्या वीस रुपयांची मेथी
कुणाच्या तरी पोटात केव्हाच जिरली.

काल संध्याकाळी विहिरीपाशी जुड्या बांधत होते.
एक पान किडीने चाळलेलं निघालं.
आतल्या बाजूला सारून बांधलं असतं,
एरवी बघतंय कोण.
हात थांबला.
उद्या मंगळवार.
सातचं ऊन, आणि तिचा तो अंगठा.

पान शेळीला टाकलं.