पास्को

सेमिनरी हिल्सच्या ग्रंथालयातून
सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला तो शब्दकोश.
लॅटिनचा. पाठ सुटलेली, शिवण उसवलेली,
आणि मधल्या पानांवर वाळवी मनसोक्त चरून गेलेली.

मे महिना. कूलरची मोटर जळालेली.
खळीत मोरचूद घातला मी,
तरी ठाऊक होतं, खाणारे खातातच.
एका पानावर एक शब्द उरला होता, पास्को.
खाली अर्थांच्या जागी भोक.

शनिवारी फादर सिल्वेस्टर आले.
पान उजेडात धरून
भोकातून माझ्याकडं पाहिलं.
"म्हणजे मी चारतो.
शेवट बदलला की, मी चरतो."
आमच्यात तर नुसता एक काना, मी म्हटलं.
ते हसले.

"अन् इथं काय होतं?"
"दाढी वाढू देणं, तेही चारणंच.
आगीला लाकूड. डोळ्यांना काही बघायला."
मग जरा थांबून, "चारणारा तो पास्तोर.
चाळीस वर्षं झाली मला."
"माझा बापही," मी म्हणालो.

बाप गायकी होता, तेलंगखेडीचा.
पुण्याच्या एका पाहुण्याला हे सांगितलं
तर त्यानं विचारलं, कोणतं घराणं?
घरोघरच्या गाई सोडून बाप
फुटाळ्यामागून टेकडीवर न्यायचा. हीच टेकडी.
पुढं भिंत आली, भिंतीवर काचा,
फलक आला: गुरे चारण्यास मनाई.
त्या भिंतीसाठी कोणी कोणाला काय चारलं
हा अर्थ कोशात नसणार.
फादरना तो मी सांगितला नाही.

शेवटी तीनच गाई उरल्या, सडकेवर चरणाऱ्या.
कपिलीचं पोट उघडलं डॉक्टरनं,
घमेलंभर पिशव्या निघाल्या,
एका पिशवीवरचं दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं.
"म्याच चारलं बे," बाप म्हणाला,
आणि त्या दिवशी जेवला नाही.

भोकामागं पतंगाचा कागद चिकटवला.
पांढरा. फादर म्हणाले, कोराच राहू द्या.

रात्री उरलेली खळ फेकायला बाहेर आलो
तर बोळात एक कालवड उभी,
मान पुढं करून, भांड्याचा वास घेत.
खळीत मोरचूद.
भांडं आत नेऊन कडी लावली त्याच्यावर,
डब्यातल्या दोन पोळ्या आणल्या.
तिची जीभ खरखरीत, हातभर फिरली.
पोळ्या संपल्या तरी
हात तसाच धरून होतो.