आक्षेप क्रमांक सात

पाजपंढरीच्या सोसायटीत
बर्फाच्या पावत्यांना बांगड्याचा वास येतो,
तो काही वहीतून वजा होत नाही.
डिझेल, बर्फ, दोर, रेशन जाऊन
उरलं त्याचे वाटे:
होडीचा, जाळ्याचा, तांडेलाचा,
खलाशांचे सहा.
खलाशी मात्र पाच.

रत्नागिरीहून आलेले साहेब
पेन्सिल सहाव्यावर टेकवून थांबले.
"हा हरेश्वर चोगले. सही कुठंय याची?"
म्हटलं, दोन वर्षांमागं, नारळी पुनवेनंतर
तिसऱ्या फेरीला गेला.
"मग निर्लेखित करा.
कुणाच्या तरी नावे टाका, खातं मिटवा."

कुणाच्या नावे टाकू?
समुद्राचं खातं आमच्याकडं नाही.
त्याच्याकडं आमचं असेल.

साहेबांनी लाल शाईनं लिहिलं: आक्षेप सात.
मी चहा सांगितला.

संध्याकाळी होड्या लागल्या, लिलाव झाला,
पापलेट कमी, सुरमई बरी.
जयवंती आली. अंगठा नको म्हणते आता,
सही करते, नवऱ्याच्या नावापुढं स्वतःची,
अक्षरं जरा रेघेखाली उतरतात.

तेरीज मांडली. चार रुपये जुळेनात.
दिवा लावून
पुन्हा पहिल्या पानापासून बसले.